मॅनेजरीचं साल

सही केली तर काय काय पदरात पडेल, याचा हिशेब गिरधरनं एका रद्दी पावतीच्या पाठीवर मांडून पाहिला होता. महिन्याला चार हजार वाढीव. स्टोअरच्या जाळीमागून उठून दार असलेल्या खोलीत बसायचं. गेटवरचा वॉचमन आजवर बसल्या बसल्या हात हलवायचा, तो आता उठून हलवणार. आणि असोदा गावात बायकोला, कुंदाबाईला, विहिणीच्या तोंडावर म्हणता येणार, "आमच्या घरचे आता मॅनेजर." द्यायचं काय, तर एक सही. बावीस वर्षं ज्यानं आवक-जावक लिहिली, त्याला एवढा एकतर्फी व्यवहार बघून संशय यायला हवा होता. पण माणूस दुसऱ्याच्या मालाचाच पारखी असतो.

कंपनी तापीरत्न ॲग्रो केमिकल्स. जळगावच्या एमआयडीसीत, कापसावर-केळीवर फवारायची औषधं बनवणारी. अशा कारखान्याला कायद्यानं एक मॅनेजर कागदावर लागतो. आधीच्या मॅनेजरनं, म्हणजे पुण्याच्या एका तरुण इंजिनीअरनं, सगळ्या टाक्या वाकून पाहिल्या, चार पानी मागण्या लिहून दिल्या आणि सहा महिन्यांत गाशा गुंडाळला. मग मालकानं, नवीनशेठनं, गिरधरला बोलावलं.

"शेठ, मी दहावी पास. ह्या जागेला इंजिनीअर लागतो ना?"

"कामाला इंजिनीअर लागतो, गिरधरभाऊ. कागदाला भरवशाचा माणूस लागतो. आणि एका सालाचा तर प्रश्न आहे. ह्या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत. मग मी दुसरा बघतो."

हे शब्द नवीनशेठनं उगीच वापरले नव्हते. गिरधरचा बाप चाळीस वर्षं सालदार होता, हे त्याला ठाऊक होतं. खान्देशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि आखाजीला संपतं. मालक आणि गडी एका पंगतीला बसतात, सालाचा आकडा ठरतो, जोडा-धोतराचं बोलणं होतं. कागद नाही, अंगठा नाही. सालभर गड्याचं दुखणं, भांडण, गड्याच्या हातून झालेलं नुकसान, सगळं मालकाच्या अंगावर. साल भरलं की गडी घोंगडी झटकतो, "भरलं, मालक" म्हणतो आणि मोकळा होतो. बापानं चाळीस वेळा असं म्हटलेलं गिरधरनं ऐकलं होतं.

दोन हजार अठराची आखाजी. गिरधर कुंदाबाईच्या हातच्या सांजोऱ्यांचा डबा घेऊन ऑफिसात गेला. नवीनशेठनं त्याच्या डब्यातली सांजोरी त्याच्यासमोर खाल्ली. गिरधरच्या लेखी करार तिथं झाला. नंतर जी सही केली, ती त्याला उगीच जादाची वाटली.

वर्षात गिरधरनं मॅनेजर म्हणून एकच काम मनावर घेतलं. तळातल्या टाकीत गाळ साचायचा, तो काढायला माणूस आत उतरायचा. इंजिनीअरच्या मागण्यांत पहिली मागणी होती हवेच्या नळीच्या मास्कची. गिरधरनं स्टोअरच्या मागणी-पुस्तकात कार्बन घालून लिहिलं, 'टाकीत गॅस असतो. जिवाला धोका. मास्क चार नग.' वरचा कागद शेठकडे गेला. परत आला तेव्हा त्यावर शेठनं हिरव्या पेनानं आद्याक्षर टाकून लिहिलं होतं, 'पुढच्या वर्षी बघू. न.' गिरधरनं तो घडी करून जपून ठेवला. जपायची सवय होती, एवढंच.

पुढची आखाजी आली. गिरधर सकाळीच शेठसमोर उभा राहिला. खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साल भरलं, शेठ."

"बरं, बरं," नवीनशेठ फोनवरून मान वर न करता म्हणाला.

गिरधर जाळीमागे आपल्या जागी जाऊन बसला. मोकळा झाला. सरकारी दप्तरात मात्र आखाजी नसते.

त्यानंतर बाराव्या दिवशी मुकादम झुलाल आणि त्याच्या टोळीतला वना स्टोअरच्या खिडकीशी आले. पेरणीचा हंगाम तोंडावर, सोमवारी प्लांट चालू झालाच पाहिजे, असा शेठचा दुबईहून फोन होता.

"भाऊ, दोर, बादली आणि गमबूट द्या. टाकीतला गाळ काढायचाय."

"मास्क आलेले नाहीत, झुलाल. उतरू नका."

"मंग तुम्हीच सांगा शेठले," झुलाल हसला. "तुम्ही मॅनेजर ना!"

"मी कायचा मॅनेजर आता? माझं साल भरलं."

असं म्हणून गिरधरनं दोर दिला. बादली दिली. गमबुटाचा जोड दिला आणि रजिस्टरात तिन्ही नोंदी केल्या, वेळेसकट. अकरा वाजून दहा मिनिटं. साडेअकराला वना आत पडला होता. त्याला काढायला झुलाल उतरला. झुलाल जगला, अजून जिना चढताना दोनदा थांबतो. वना धुळ्याजवळच्या खेड्यातला, बत्तीस वर्षांचा. त्याला वर घेतला तो त्याच दोरानं.

पोलिसांनी कंपनीवर आणि दोघांवर गुन्हा नोंदवला, मालक आणि मॅनेजर. मॅनेजर म्हणून आपलं नाव वाचलं तेव्हा गिरधर ठाणे अंमलदाराला समजावू लागला, "साहेब, आखाजीला माझं साल संपलं."

"राजीनामा?"

"तोंडी सांगितलं ना."

अंमलदारानं शेजारच्या शिपायाकडे पाहिलं. शिपाई पहूरचा होता, त्याला सालदारी माहीत होती. तो पंचनाम्याची पानं लावू लागला.

कुंदाबाई तेव्हापासून म्हणत होती, "आपला वकील आपण करा. तो तुम्हाले बुडवीन." गिरधरला ते पटेना. सालातलं भांडण मालकाचं, हे त्याच्या हाडात होतं. आणि नवीनशेठ म्हणालाच होता, "काळजी करू नका भाऊ, वकील आपला आहे. फी माझी." वकिलानं विचारलं, काही कागद आहे का? गिरधरनं घडी उलगडून हिरव्या शाईचा कागद त्याच्या हातात ठेवला. "अरे वा," वकील म्हणाला, "हा फार महत्त्वाचा." आणि त्यानं तो बॅगेत घातला. बावीस वर्षांत पावती घेतल्याशिवाय गिरधरनं कुणाला खिळाही दिला नव्हता.

दोन वर्षांनी वरच्या कोर्टानं नवीनशेठचं नाव वगळलं. शेठ त्या दिवशी परदेशात होता, पासपोर्टवर शिक्के होते. रोजची जबाबदारी मॅनेजरची होती, सहीचा कागद होता. गिरधरनं वकिलाकडे आपला कागद मागितला.

"कोणता?"

"हिरव्या शाईचा."

"फाईलमध्ये तर नाही," वकील म्हणाला, "आणि भाऊ, आता माझ्या अशिलाचा आणि तुमचा हितसंबंध वेगळा झाला. तुम्ही दुसरा वकील बघा."

दुसरा वकील केला. होतकरू होता, मनापासून भांडला. मागणी-पुस्तकातली कार्बन कॉपी त्यानंच कोर्टापुढे ठेवली. कार्बनवर गिरधरची मागणी होती. शेठनं लिहिलेली ओळ तेवढी नव्हती, कारण ती नंतर फक्त वरच्या कागदावर लिहिलेली. सरकारी वकिलानं ती कॉपी उचलून वाचून दाखवली. "टाकीत गॅस असतो. जिवाला धोका. म्हणजे आरोपीला धोका माहीत होता. आणि माहीत असून त्याच्याच हस्ताक्षरात दोर, बादली, गमबूट दिल्याची नोंद आहे."

मग झुलालची साक्ष झाली. तो आता कंपनीत कायम झाला होता, गेटवर बसून करायचं काम. उतरायला कोणी सांगितलं, असं विचारल्यावर तो दम लागल्यासारखा थांबला आणि म्हणाला, "मॅनेजरनं." नवीनशेठही आला, आरोपी म्हणून नव्हे, सरकारी साक्षीदार म्हणून. पाच मिनिटं बोलला. "माणूस प्रामाणिक होता," एवढं चांगलंही बोलला. गिरधरनं नकळत हात जोडले.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात वनाची बायको रत्ना बाकावर बसली होती. प्रत्येक तारखेला ती धुळ्याहून पारोळ्यावरून एसटीनं यायची. तेवीस सालापासून बायकांना अर्धं तिकीट झालं. सरकारकडून तिच्या वाट्याला आलेली सवलत ती तेवढीच. आजवर ती गिरधरशी बोलली नव्हती.

"भाऊ, एक सांगा. दोर कोणी दिधा?"

"मी दिला, अक्का."

"उतरू नका म्हणं व्हतं ना तुम्ही?"

"म्हटलं होतं."

"मंग दिधा कसाले?"

पाच वर्षं वकील विचारत होते, त्यापेक्षा हा प्रश्न छोटा होता. गिरधर म्हणाला, "मागितला म्हणून दिला. मी स्टोअरचा माणूस." आणि मग, "शेठचं नाव घ्या, अक्का. तुम्ही अर्ज करा. माझं कुणी ऐकत नाही."

"करना ना. तीन अर्ज करनात. पावत्या बठ्ठ्या मन्हाजोगे शेत."

तिनं पिशवी उघडून दाखवली. सगळ्या पावत्या खरंच तिच्याजवळ होत्या, रबर लावून. गिरधरनं सवयीनं तारखा पाहिल्या. क्रमानं लावलेल्या होत्या.

निकाल दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत लागला. गिरधरला दीड वर्ष सक्तमजुरी, कंपनीला एक लाख दंड. न्यायाधीशांनी वय साठ धरून शिक्षा कमी केली, असं निकालपत्रात लिहिलं आहे. अपील करायचं का, असं वकिलानं विचारलं. कुंदाबाईनं विचारलं, किती वर्षं लागतील? वकील म्हणाला, सहा-सात. ती म्हणाली, "मंग आधी आत बसून येऊ द्या."

आता कोणी काय भरलं ते. कंपनीनं दंड त्याच दुपारी भरला. तेवढ्याचं औषध त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी गाडीत चढलं असेल. वकिलांची फी कंपनीच्या खर्चात लागली. वनाची भरपाई विमा कंपनीनं दिली, चार वर्षांनी. त्यातला मोठा हिस्सा आधीच उसनवारीत गेला होता. रत्नानं त्रेचाळीस तारखांची मजुरी भरली आणि एक नवरा. झुलालनं निम्मी छाती आणि एक खोटं वाक्य. गिरधरनं दीड वर्ष, वर ग्रॅच्युइटी, कारण शिक्षा झालेल्या माणसाची ती कंपनी अडवून धरू शकते. कुंदाबाईनं असोद्यातलं बोलणं भरलं, ते अजून चालू आहे. नवीनशेठला साक्षीच्या दिवशी कोर्टासमोर गाडी लावायचे तीस रुपये पडले. ते ड्रायव्हरनं आपल्या खिशातून दिले, आणि नंतर मागायची त्याला हिंमत झाली नाही.