एका फाइलीतले दोन काका

आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांच्यावर पुस्तिका काढायचं ठरलं. मी छापखान्यात पानं लावतो, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात पडणार होतं. थोरले काका आणि धाकटे काका अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांनीही मला एकटं गाठून एकच सांगितलं, माझ्या प्रतीत तो दिसला तर तुझी खैर नाही. थोरल्यांचा पंजा माझ्या मानेपेक्षा रुंद आहे. धाकट्यांचा नाही, पण ते चावतात. आत्याच्या दंडावर अजून खूण आहे.

मी फाइल एकच केली आणि प्रत्येक परिच्छेदाला तो कोणत्या काकांचा याची खूण लावली. पहिल्या ओळीत ‘थोरले’ लिहिलं की धाकटे गायब. ‘धाकटे’ लिहिलं की थोरले जन्मलेच नाहीत. तिसरी सोय माझ्यापुरती होती. ‘सगळं’ लिहिलं की दोघंही दिसायचे, आणि सोबत माझ्या टिपाही. थोरल्यांनी आजोबांना विहिरीतून काढल्याच्या प्रसंगाखाली, ‘उलट आहे. आजोबांनी यांना काढलं.’ धाकट्यांच्या पदकाखाली, ‘मिळालं नाही, सापडलं.’

समारंभाच्या सकाळी बाइंडरने दोन्ही काकांच्या प्रतींचे गठ्ठे थेट हॉलवर टाकले. बत्तीस पानांची पुस्तिका एवढी जाड कशी, म्हणून मी शेवटचं पान बघितलं. अठ्ठेचाळीस. मग आठवलं. पहिली ओळ मी दोनदा बदलली होती, सेव्ह एकदाही केली नव्हती. यंत्राने दोन्ही वेळा ‘सगळं’च वाचलं होतं.

तोवर आत्या प्रती वाटून मोकळी झाली होती.

हॉलच्या एका टोकाला थोरले वाचत होते, दुसऱ्या टोकाला धाकटे. मी दाराकडे सरकायला लागलो. तेवढ्यात आजोबा विहिरीच्या पानावर खदखदून हसले, मला जवळ बोलावलं आणि घरात एक तरी खरं लिहिणारा निघाला म्हणून पाठ थोपटली. हे सगळं माइकवर.

थोरले काका उठले. खुर्च्यांमधून वाट काढत थेट धाकट्यांसमोर जाऊन उभे राहिले.

“वाचलंस?”

“वाचलं, दादा.”

आत्याने डोळ्यांना पदर लावला. आजोबा टाळ्या वाजवायला लागले.

“मग तू मागचं दार बघ,” थोरले काका म्हणाले. “पुढचं मी धरतो.”