दुलीचंदकाकांचा रिपोर्ट

योगेश्वरी रहांगडाले नागपुरात एमडी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला होती. सलग छत्तीस तासांच्या ड्युटीची सवय झाली आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. २०१२च्या ऑगस्टमध्ये एका दुपारी ओपीडीत तिनं एकाच पेशंटला चौथ्यांदा नाव विचारलं. त्यानं न रागावता नाव सांगितलं आणि मॅडम, जेवल्या का, असं विचारलं. शेजारच्या सीनियरनं तिला तीन दिवसांची सुट्टी देऊन टाकली.

आमगावला घरी जायला ती सकाळच्या गाडीत बसली, खिडकीला डोकं टेकलं आणि जागी झाली ती डोंगरगडला, थेट छत्तीसगडात. फोनवर वडील, हुकुमचंद, हसून म्हणाले की गेलीच आहेस तर डोंगरावरच्या देवीचं दर्शन घेऊन ये. पायऱ्या चढायचं त्राण तिच्यात नव्हतं. परतीच्या गाडीत ती उभीच राहिली, बसलं की झोप लागेल म्हणून.

घरी पोचली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. उठून चहा घेत होती, तोच शेजारचे दुलीचंदकाका शुगरचा रिपोर्ट घेऊन आले. डॉक्टर पोरगी घरी आली की गल्लीतले रिपोर्ट यायचेच. तिनं आकडे वाचले आणि तिला रडू फुटलं. थांबेचना.

काकांचा चेहरा उतरला. ते हळूच खाटेवर टेकले.

"किती दिवस राह्यले माहे? सांगून टाक बेटा."

रडता रडता तिला हसू आलं. "तुमची शुगर बेस आहे, काका. मीच बेस नाही."

मग ती बोलतच सुटली. वॉर्डचं दार दिसलं की आधी जिन्यात जाऊन बसावं लागतं. पेशंट दगावला तरी आताशा काही वाटत नाही, आणि भीती त्याचीच वाटते. आई, सुशीलाबाई, दारात उभी राहून ऐकत होती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "मंग तू कोनाले दाखवलं?"

कोणालाच नाही. डॉक्टर असून हे तिला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी तिला मोटारसायकलवर गोंदियाला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी सहा आठवड्यांची विश्रांती लिहून दिली. नागपूरच्या विभागप्रमुखांनी फोनवर विचारलं, मग वॉर्ड कोण बघणार? याचं उत्तर शोधणं आपलं काम नाही, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं.

ते सहा आठवडे ती जेवली, झोपली, आईबरोबर बाजारात गेली. काकांनी गावभर सांगितलं की रिपोर्ट इतका चांगला आला की डॉक्टरीण रडली.

तिची परीक्षा सहा महिने लांबली. परत गेली तेव्हा कामाचा रगाडा होता तसाच होता. एकदा तिला सलग तिसरी ड्युटी लागली, तेव्हा ती विभागप्रमुखांकडे गेली आणि दोन करीन, तिसरी नाही, असं सरळ सांगितलं. ते बराच वेळ कुरकुरले, मग त्यांनी ड्युटीच्या यादीतलं तिचं नाव पेनानं खोडलं.

त्या दिवशी संध्याकाळी सहालाच ती हॉस्पिटलमधून बाहेर पडली. काय करावं सुचेना, म्हणून फाटकाबाहेर उभी राहून तिनं दोन प्लेट पाणीपुरी खाल्ली.