मुठीतलं पिवळं फळ

माझ्या सुनेने, विधीने, एरंडोल रोडच्या नर्सरीतून फायकसची कुंडी आणली आणि माझं डोकंच फिरलं. झाड गुडघ्याएवढं, पानं चकचकीत, आणि अंगभर वाटाण्याएवढी पिवळी फळं.

"अगं, ही तर उंबराचीच भावंडं! आपण जैन जे तोंडाला लावत नाही, ते दिवाणखान्यात सजवायचं?"

"मम्मीजी, खायला कुठे आणलंय?" म्हणाली, वर हसली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

त्यात चौमासा लागला. समोरच्या हिनाकडे साध्वीजी दोनदा गोचरीला, म्हणजे भिक्षेला, आल्या, आमच्या दारी एकदाही नाही. रोज स्वयंपाक करून मी दाराकडे डोळे लावून बसायची. भिक्षा वाढणाऱ्याने हिरव्या पानाफळाला शिवलेलं चालत नाही. शिवलं की घर असूझतं, त्या दिवशी तिथलं काही घेत नाहीत. म्हणून मी विधीला कुंडी बाल्कनीत हलवायला लावली. बिचारीने एकटीने उचलून नेली.

आज साध्वीजी आल्या. अहो, खरंच आल्या! मी पोळ्यांचा डबा घेऊन धावले, तर वाटेत फरशीवर बाल्कनीतून घरंगळत आलेलं एक पिवळं फळ. पाय पडला तर? मी वाकले आणि चटकन उचललं. बुद्धीच गेली माझी.

"श्राविका, मुठीत काय आहे?"

"ते... सुनेने आत्ताच हातात दिलं."

कसं आलं तोंडातून कोण जाणे. विधी स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभी होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. "माझं चुकलं, महाराजसाहेब," ती साध्वीजींना म्हणाली.

साध्वीजी रागावल्या नाहीत. "दया पाळा," एवढंच म्हणाल्या, नेहमी म्हणतात तसं, आणि रिकाम्या पात्राने जिना उतरल्या.

आमचे हे, चंपालालजी, दुकानात निघायच्या घाईत होते. आतून ऐकलेलं. बाहेर येऊन विधीवर कडाडले, "पहिलं ते झाड फेकून ये!"

ती गेली आणि कुंडी उचलून घेऊन आली. माझ्याविरुद्ध चकार शब्द नाही. एक शब्द बोलली असती तर मी भांडले तरी असते! मुठीतलं फळ चिरडून बोटांना चिकचिक लागलेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी दारात आडवी उभी राहिले. "तिने नव्हतं दिलं. मी उचललं. मी खोटं बोलले." आणि मूठ उघडून त्यांच्यापुढे धरली.

ते चपला घालून निघून गेले. विधीने कुंडी खाली ठेवली, माझं मनगट धरलं आणि स्वतःच्या ओढणीने तो चिकटा पुसायला लागली.

"उद्या माझ्याबरोबर स्थानकात चल, साध्वीजी उतरल्यात तिथे," मी म्हटलं. "त्यांना खरं सांगायचंय. तुझ्यासमोर."

"सगळ्या बायका असतील तिथे, मम्मीजी. हिनाही असेल."

"असू दे."

तेवढं बोलले, पण तिच्या तोंडाकडे काही बघवेना.