बहुतेक खुणेवरच

गाडी पहिल्याच किल्लीला चालू झाली. पण ते अजून घडलेलंच नाही असं धरू. कारण सकाळचे साडेनऊ वाजलेत, पाथर्डी फाट्यावरच्या सोसायटीत बॉनेट उघडं आहे आणि वाल्मीकरावांच्या हातात जुना टायमिंग बेल्ट मेलेल्या धामणीसारखा लोंबतोय.

साडेअकराला उज्वलाचं डायलिसिस. बेल्टला चिरा पडलेल्या काल दिसल्या. गॅरेजवाला म्हणाला, गुरुवारी या. मूत्रपिंडांना गुरुवार चालत नव्हता. मागच्या महिन्यात परतताना ती रिक्षात बेशुद्ध पडली, तेव्हापासून रिक्षाचं नाव घरात निघत नाही.

नवा बेल्ट चढवायला वाल्मीकराव वाकले आणि तसेच राहिले.

"उज्वला, खुणा कुठे गेल्या?"

"कसल्या?"

"पांढऱ्या. बेल्टच्या दोन्ही दातेरी चाकांवर एकेक. ऑफिसचा व्हाइटनर लावलेला मी."

"ते होय! मला वाटलं, पक्षी शिटला. पुसलं मघाशी तुमच्याच पेट्रोलच्या फडक्यानं. पूजेला घाण ठेवतात का?"

दातेरी चाकांवर आता कुंकवाची पाच बोटं होती.

"अगं, एक दात चुकला तर पिस्टन वॉल्व्हवर आपटतो. इंजिन खलास!"

"ओरडू नका. तुमच्या खुणांवरच लावलंय."

"खुणा दोन. कुंकवं पाच."

"दोन खुणांची, एक गणपतीचं, एक कुलदेवीचं, एक तुमच्या नावाचं."

"खुणांची कोणती?"

"ठसठशीत आहेत ती." ती थांबली. "बहुतेक."

वाल्मीकरावांनी दोन ठसठशीत कुंकवं जुळवली, बेल्ट चढवला, टेन्शनरने तो ताणला. बेल्ट चिमटीत धरून पिळला. पाव फेरा वळला. रात्री पाहिलेल्या व्हिडिओतही तेवढाच वळत होता. मग पाना लावून इंजिन हाताने फिरवायला घेतलं.

अर्ध्या फेऱ्यात पाना जड झाला.

"काय झालं?"

"आतली हवा दाबली जात असेल. नाहीतर वॉल्व्ह."

"मग थांबा ना."

"थांबून कसं चालेल?"

ती डायलिसिसच्या सुईचा डावा हात पदरात धरून उभी होती. त्या हाताने तिला पाण्याची कळशीसुद्धा उचलायला मनाई होती. वाल्मीकरावांनी डोळे मिटले आणि पाना ओढला. जडपणा हळूच सुटला. दोन फेरे पूर्ण झाले, कुंकवं जागेवर आली. दोघांपैकी कोणीच हसलं नाही.

पुढचं सांगून झालंय.

बारा वाजता दवाखान्यात डायलिसिसचं मशीन फिरत होतं. बाहेर बाकावर वाल्मीकरावांनी बेल्टचं खोकं उलगडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, बत्तीस वर्षांच्या कारकुनी सवयीने, समास सोडून लिहिलं:

प्रति, मा. संबंधित अधिकारी. विषय: मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराची पत्नी सौ. उज्वला हिची मुदत संपत आल्याचे डॉक्टरांकडून तोंडी कळविण्यात आले आहे. तरी सदर मुदत अर्जदाराच्या मुदतीइतकी, शक्य असल्यास एक दिवस जास्त, वाढवून मिळावी, ही विनंती.