बोटीचा कठडा

माझ्या स्वयंपाकाच्या शेगडीवर पितळ तापवायचं, हे खूळ यांच्या डोक्यात शिरलं ते चौऱ्याहत्तरच्या थंडीत. हे म्हणजे माझे यजमान. रिसोडात आमचं भांड्यांचं दुकान. आमचा एकुलता एक शांतीलाल मुंबईहून बोटीवर नोकरीला गेला होता. आधी त्याचा फोटो आला, बोटीच्या कठड्याला टेकून हसणारा. मग तार आली. वादळात कठड्यावरून समुद्रात पडला, सापडला नाही. त्या दिवसापासून दुकान बंद.

मी रडले नाही. लोक भेटायला येत, मी चहा टाकी, कोणाला साखर जास्त लागते तेही माझ्या लक्षात राही. आत नुसतं बधिर. दाढ काढल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं.

आणि यांनी काय करावं? फोटो समोर ठेवून हातभर लांबीची सागवानी बोट कोरायला घेतली. ज्या माणसाने समुद्र पाहिला नाही, पैनगंगेच्या पुलावरून कधी खाली डोकावला नाही, त्याने! बोट झाली, वरचं धुराडं झालं, कठडा काही होईना. संदुकांना ठोकायच्या पितळी पट्टीतून हे बारीक फीत कापायचे, बोटीच्या टोकाशी वाकवायला गेले की ती कट्कन तुटायची. मला एकच हवं होतं. हा कठडा एकदाचा व्हावा आणि यांनी दुकान उघडावं.

शेवटी फुटकी भांडी डाग देऊन सांधणारा नथ्थू येऊन बसला.

"शेठ, पितळ वाकवलं का कडक होते," तो म्हणाला. "लाल होईपर्यंत तापवा, मंग पाण्यात बुडवा. नरम पडते. कडक लागलं का पुन्हा तापवा. घाई कराल तर तुटन."

झालं! दुपारची जेवणं उरकली की शेगडी यांची. पितळाची लाली नीट दिसावी म्हणून दार लोटायचं, खिडकीला पोतं लावायचं. मी फुंकणीने निखारे फुलवी आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवी. दूध तापायचं राहिलं, पापड भाजायचे राहिले. पट्टी लालसर झाली की हे ती चिमट्याने उचलून फरशीवर ठेवत आणि निवायची वाट बघत बसत.

"नथ्थूनं पाण्यात बुडवाले सांगतलं ना? कायले वेळ घालवून राह्यले?"

"पाण्यात नाई टाकत मी," हे म्हणाले.

मी फुंकणी परत तोंडाला लावली. निवलेली पट्टी हे बोटांनी हळूहळू वळवत, ताठ लागली की परत निखाऱ्यावर ठेवत. अशीच संक्रांत गेली.

एका दुपारी यांनी पोतं काढलं. "झालं. पाहून घे. उद्या दुकान उघडतो."

बोट दाराशी उजेडात ठेवली होती. कठडा टोकाशी सुरेख वळला होता, कुठे चीर नाही. पण मला काहीतरी खटकलं. बोटीवर यांनी आगपेटीची एक काडी उभी चिकटवली होती, माणसाच्या मापाची. त्या काडीचं फक्त डोकं कठड्याच्या वर दिसत होतं.

"हे काय? फोटोत कठडा कमरेपर्यंत हाय. तुमी गळ्यापर्यंत केला."

"मले मालूम हाय."

"मंग?"

"कमरेएवढा पुरला नाई त्याले."

दाढेचा बधिरपणा उतरला की ठणका लागतो, तसं माझ्या छातीत ठणकायला लागलं. मी भिंतीला टेकून खाली बसले.  मग उठून मी दार लोटलं, पोतं परत खिडकीला लावलं आणि शेगडीत कोळसे घातले.

"दुकान राहू द्या," मी म्हटलं. "अजून एक पट्टी लावा. डोक्याच्या वर जाऊ द्या."