ढिला ठेवलेला बोल्ट

"बंद झाला बाई एकदाचा तो आवाज," आई सकाळी फोनवर म्हणाली. "परवा सकाळी तुझ्या बाबांनी तो बोल्ट आवळला. तेव्हापासून गाडी कशी गप्प आहे."

मी तिचं पुढचं न ऐकताच फोन ठेवला.

मी गाड्यांच्या सायलेन्सरचे ब्रॅकेट डिझाइन करते. गाडीच्या पोटाखाली जो तापलेला, थरथरणारा पाइप असतो, त्याला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी. लोकांना वाटतं, त्यात काय डोकं लागतं. पण तो पाइप तापला की चार मिलिमीटर लांबतो, आणि त्याला तेवढं सरकू दिलं नाही तर तो पट्टीच वाकवतो. म्हणून माझ्या नव्या ब्रॅकेटला लांबट भोक आहे, आणि त्यातला बोल्ट मुद्दाम ढिला. जरा खडखडतो. खडखडू दे. कारखान्यात आम्ही तो आवळूनही पाहिला होता. चाळीस वेळा तापवून गार केल्यावर पट्टी तुटली.

चाचणीचं एक ब्रॅकेट मीच हौसेने बाबांच्या व्हॅनला बसवलं होतं. बाबांनी तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता बेकरीचा माल पोचवतात. दिवसाला अठरा दुकानं. प्रत्येक दुकानाशी इंजिन बंद, माल उतरवला की पुन्हा चालू. परवा अठरा, काल अठरा, झाले छत्तीस. आज चौथ्या दुकानाशीच चाळीस भरणार. दर वेळी पाइप पुरता गार होत नाही, हे मलाही कळतं. पण तेवढ्या भरवशावर बापाला सोडायचं? सातव्या दुकानानंतर टेकडीचा उतार आहे, आणि तापलेला पाइप सुटला तर तो थेट ब्रेकच्या रबरी नळीवर टेकणार. नळी वितळली की ब्रेक गेले.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, अशी शपथ मीच त्यांना घातलेली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

स्कूटर काढली. चौथ्या दुकानात, "आत्ताच गेले." पाचव्यात, "दहा मिनिटं झाली." सहाव्या दुकानदाराला मी विचारलं की गाडी आवाज करत होती का, तर तो म्हणाला, "छे, मस्त शांत होती." एरवी कुणी माझ्या ब्रॅकेटला मस्त म्हटलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता. बाबांचा इतका राग आला होता की रडू येत होतं.

सातव्या दुकानापुढे व्हॅन सुरू होऊन निघतच होती. मी स्कूटर आडवी घातली.

"वेड लागलंय का तुला?" बाबा खिडकीतून ओरडले.

"आधी इंजिन बंद करा."

मी रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकले. मोबाइलच्या उजेडात दिसलं. पट्टी जिथे वाकते तिथे चीर गेली होती, आणि ती जेमतेम नखाएवढ्या लोखंडावर धरून होती.

"कुणी सांगितलं होतं आवळायला?" बाहेर येऊन मी भांडायलाच लागले. "बोल्ट दिसला की आवळायचा. जित्याची खोड..." पुढचे शब्द तोंडात आले आणि मी जीभ चावली.

बाबा वाकून चीर बघून आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मला वाटलं, तुझ्या हातून राहिला," ते हळूच म्हणाले. "उद्या तुझे साहेब गाडी तपासायला आले, तर लेकीने बोल्ट ढिला सोडला म्हणतील. म्हणून गुपचूप आवळला. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मीही बोलले नव्हते. कारखान्यात दहा जणांना बजावलं, आणि बाबांना मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ढिल्या बोल्टवर तासभर व्याख्यान ऐकावं लागलं असतं. तेवढा तास मी वाचवला होता.

मी साहेबांना फोन लावला. सोमवारपासून पाचशे गाड्यांना हेच ब्रॅकेट बसणार होतं, आणि ड्रॉइंगवर सही माझी होती.

"काम थांबवा, साहेब. बोल्ट कितीही आवळला तरी पाइप सरकला पाहिजे, असं नवीन करावं लागेल."

"अहो, ड्रॉइंगवर लिहिलंय ना, ढिला ठेवा म्हणून? मग कोण कशाला आवळेल?"

बाबा रस्त्यावर आडवे होऊन पाइप तारेने बांधत होते. माझा रुमाल त्यांनी हाताला गुंडाळला होता.

"ज्याला काळजी असेल तो," मी म्हणाले. "तोच सगळ्यात आधी आवळेल."