सामाईक डोण

मित्रांनो, माझा जन्मच मार खाऊन झाला. अकलोलीकडच्या खाणीत घणाने मला डोंगरापासून तोडलं आणि छिन्नीने माझं पोट कोरलं. अशी मी जुनी दगडी डोण, अंजूरच्या सावळारामच्या दारात येऊन पडले.

आधी माझ्यात बैल पाणी प्यायचे. जमिनीवर गोदाम आलं, बैल गेले. मग सावळारामने डुकरं पाळली आणि त्याच्या बायकोने, रंगूबाईने, ससेपालनाच्या शिबिराला जाऊन ससे आणले. डुकरं माझ्यात तोंड घालत, पायही घालत. रंगूबाई त्याच पाण्यात तांब्या बुडवून सशांच्या वाट्या भरायची. "आपली डोन सामाईक हाय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला तेव्हा फार बरं वाटे.

२००६च्या उन्हाळ्यात सशांच्या गाभण माद्या मरायला लागल्या. त्यांचे कान आतून पिवळे पडले होते. शेजारची धोंडूबाई माणसांची कावीळ उतरवायची. तिने सशांचे पाय चुन्याच्या पाण्यात चोळले. पाणी पिवळं झालं.

"उतरली बग," धोंडूबाई म्हणाली. "आता ह्ये पानी कुनी वलांडायचं न्हाय."

"मंग वतू कुटं?"

"डोनीत वत. डोन कोन वलांडतंय?"

कावीळ अशी समारंभाने माझ्या पोटात आली. खरी कावीळ तिथे आधीपासूनच मुक्कामाला होती.

दुखणं उतरलं म्हणून रंगूबाई निर्धास्तपणे माझंच पाणी पाजत राहिली. आठवड्यात आणखी सात मेले. सावळारामचं डोकं फिरलं. उरलेले ससे त्याने एकेक करून मागच्या पायांना धरले आणि माझ्या काठावर आपटले. अकरा वेळा. शेवटचे दोन लगेच मेले नाहीत, म्हणून पुन्हा. रक्त माझ्यात उतरलं. डुकरं आली आणि शांतपणे ते पाणी प्यायली.

एक गाभण मादी रंगूबाईने पदराआड धरली होती.

"दे ती हिकडं."

"आदी माजं डोकं आपटा. मंग हिचं."

सावळाराम थांबला. मादी आत स्वयंपाकघरात राहू लागली आणि माझ्याऐवजी माठातलं पाणी पिऊ लागली.

गुरांचे डॉक्टर सुगत भिवंडीहून आले. मेलेल्या सशाचं यकृत आणि डुकरांची घाण तपासायला घेऊन गेले. पंधरा दिवसांनी परत आले. "हेपॅटायटिस ई, काविळीचाच विषाणू. डुकरांच्या पोटातून पाण्यात, पाण्यातून सशांत."

"माजी डुकरं तर ठनठनीत हायेत."

"त्यांना सहसा काही होत नाही, काका. म्हणूनच त्यांच्यावर कुणाचा संशय गेला नाही."

सावळाराम उठला आणि त्याने घण आणला. मारायला आता मीच उरले होते. तिसऱ्या घावाला माझी एक कड निखळली.

"अवो, पुरे," रंगूबाई आतून म्हणाली. "ती याली. चार पिल्लं हायेत. जित्ती हायेत."

त्याने घण खाली ठेवला.

मित्रांनो, आता माझ्यात पाणी ठरत नाही. डुकरांची टाकी वेगळी, सशांच्या वाट्या वेगळ्या, आणि रंगूबाई दोन्ही रोज घासते. माझं एवढंच मागणं आहे. घण उचलायला जेवढा जोर लागतो, त्याच्या निम्म्यात डोण घासून होते.